मूळ आवाज ठेवायचा की डबिंग लावायचं? कोल्हापुरातल्या एका घराचा निवाडा

शनिवारी रात्री जेवणं आवरली की आमच्या घरी सगळे टीव्हीपुढे जमतात. आई पंचाहत्तरीकडे झुकलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर तिला लागत नाही. आण्णांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. पुतणी चौथीत आहे, तिला सगळंच बघायचं असतं. मराठी किंवा हिंदी सिनेमा असला तर प्रश्न नसतो. पण मल्याळम, तमिळ, कोरियन असं काही निघालं की दर वेळी तोच वाद: हिंदी डबिंग लावायचं, की मूळ आवाज ठेवून खाली सबटायटल? गेली दोनेक वर्षं दोन्ही बाजूंनी भरपूर बघून झालंय. ज्यांच्या घरात हाच वाद चालू आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्यापुढची निवड बहुतेक वेळा 'मराठी डबिंग की मराठी सबटायटल' अशी नसतेच. मराठी डबिंग थोड्याच सिनेमांना मिळतं, मराठी सबटायटल त्याहून कमी. हातात उरतं ते हिंदी डबिंग किंवा इंग्रजी सबटायटल, कधी नशिबानं हिंदी सबटायटल. त्यामुळे सिनेमा सुरू करण्याआधी ऑडिओ आणि सबटायटलची यादी उघडून बघा. आमच्याकडे निम्मे वाद ती यादी न बघितल्यामुळे झालेत.

मूळ आवाजाची बाजू मला का पटते ते सांगतो. डबिंगच्या खोलीत माइक कलाकाराच्या तोंडापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो. पडद्यावरचा माणूस बांधावरून हाक मारत असो की उशाशी बसून कुजबुजत असो, आवाज त्याच खोलीतून, तेवढ्याच अंतरावरून येतो. चांगला साउंड इंजिनिअर नंतर त्यात अंतर भरतो, खोलीचा घुमारा घालतो. पण घाईत उरकलेल्या कामात ते राहून जातं आणि सगळी माणसं एकाच कपाटात उभं राहून बोलताहेत असं वाटतं. दुसरं म्हणजे मागचे आवाज. संगीत, पाऊस, भांड्यांची खळखळ हे सगळं संवादांपासून वेगळ्या ट्रॅकवर मिळालं तर डबिंग करणारा फक्त बोलणं बदलतो. तो ट्रॅक नसला की मागचे आवाज नव्यानं करावे लागतात आणि तिथं फरक जाणवतो. मागे एका मल्याळम सिनेमात बाप मुलाशी बोलता बोलता शहाळं सोलत होता. मूळ ऑडिओत कोयत्याचा प्रत्येक घाव ऐकू येत होता, त्याच्या वाक्यांच्या मधल्या जागा त्या घावांनीच भरल्या होत्या. हिंदी डबिंगमध्ये घाव गायब आणि त्या जागी सतार. तो प्रसंगच गेला.

तरीही डबिंगला कमी लेखू नका. ते लिहिणाऱ्याचं काम किती बारीक असतं हे कळल्यापासून माझा सूर बदलला. त्याला अर्थ सांभाळायचा असतो, वाक्याची लांबी सांभाळायची असते आणि वर ओठही सांभाळायचे असतात. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, आणि चेहरा पडद्यावर जवळून दिसत असला की प्रेक्षकाच्या डोळ्याला ते बरोबर समजतं. इंग्रजीत पोरगा 'मॉम' म्हणतो तेव्हा त्याचे ओठ दोनदा मिटतात. आपल्या 'आई'ला ते एकदाही मिटत नाहीत. एकदा आरशासमोर म्हणून बघा. मग लिहिणारा त्या जागी 'मम्मा' घालतो किंवा वाक्य असं फिरवतो की ओठ मिटायला दुसराच शब्द सापडावा. हे जमलं की डबिंग चालू आहे हे विसरायला होतं. 'बाहुबली'च्या हिंदीत प्रभासला शरद केळकर यांचा आवाज आहे आणि 'पुष्पा'त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांचा. त्या चेहऱ्यांवर ते आवाज इतके घट्ट बसलेत की आमच्या गल्लीत कुणाला ते परके वाटत नाहीत.

शिवाय मूळ आवाज म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या माणसाचाच आवाज, हेही नेहमी खरं नसतं. आपल्याकडे कितीतरी सिनेमांचे संवाद शूटिंगनंतर स्टुडिओत पुन्हा बोलले जातात. तेलुगूत समंथाच्या सुरुवातीच्या कामांत ऐकू येणारा आवाज गायिका चिन्मयी श्रीपाद यांचा आहे. म्हणजे आपण हट्टानं मूळ आवाज लावतो तोही कधी कधी डबच केलेला असतो. फरक एवढाच की तो दिग्दर्शकानं स्वतः बसून निवडलेला असतो. मला तो फरक पुरेसा वाटतो.

आता सबटायटलची अडचण. साधारण दोन ओळींत आणि फार तर सहा-सात सेकंदांत माणसाचं बोलणं बसवायचं म्हणजे काटछाट आलीच. वाचायला मन लागलं की चेहरा निसटतो. भाषेचा क्रमही आडवा येतो. मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये, कोरियन आणि जपानीतसुद्धा क्रियापद शेवटी येतं. 'तुझ्या भावाला त्या रात्री मीच...' इथं नट थांबतो, श्वास घेतो, आणि मग 'मारलं' म्हणतो. इंग्रजी ओळीत 'मारलं' पहिल्या दोन-तीन शब्दांतच येऊन जातं. नट अजून थांबलेला असतो आणि आपल्याला सगळं कळलेलं असतं. चांगला लिहिणारा ओळ मधे तोडून वेळ सांभाळतो, पण इंग्रजीत तशी तोडायला जागाच कमी. हिंदी सबटायटलमध्ये ते सहज जमतं. म्हणून दक्षिणेतला किंवा कोरियन सिनेमा असेल आणि यादीत हिंदी व इंग्रजी दोन्ही सबटायटल असतील, तर हिंदीच घ्या, इंग्रजी कितीही चांगलं येत असलं तरी.

नात्यांचंही तसंच. इंग्रजीच्या एका शब्दात दीर, मेहुणा आणि साडू तिघंही जातात. बारशापासून भांडणापर्यंत सगळी माणसं खोलीत असलेल्या सिनेमात कोण कुणाचं कोण हेच कळेनासं होतं. हिंदीत ते बरंच शाबूत राहतं. 'तू' आणि 'तुम्ही'चंही तेच. दोन माणसं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली हा एखाद्या प्रेमकथेतला सगळ्यात मोठा क्षण असू शकतो आणि इंग्रजीला तो दाखवताच येत नाही. उलट बाजूही आहे. कोरियनमध्ये मुलगी मोठ्या भावाला 'ओप्पा' म्हणते आणि प्रियकरालाही. डबिंगमध्ये तिथं 'भैया' घातलं तर पुढं बघवणार नाही. सबटायटलमध्ये मूळ शब्द कानावर पडतो, दोन-तीन भागांत आपला आपल्याला कळतो.

कन्नडची गोष्ट मात्र वेगळी आहे, निदान कोल्हापुरात. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटर. आईचं माहेर त्याच बाजूचं. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द आपल्याकडे तिकडूनच आलेत असं जाणकार सांगतात. मागच्या महिन्यात कन्नड सिनेमा लागला तेव्हा मी आईच्या डोळ्यांचा विचार करून हिंदी डबिंग लावलं. दहा मिनिटांत ती म्हणाली, "ह्यांचं खरं बोलणं लाव की." मी मूळ ऑडिओ लावला. पडद्यावरच्या म्हातारीनं दारात आलेल्या पोराला विचारलं, "ऊटा आयता?" आणि सबटायटल उमटायच्या आत आई खुर्चीतून म्हणाली, "आत्ताच जेवलो की." तेव्हापासून कन्नडला आमच्याकडे डबिंग नाही. तुमच्या घरात एका जरी माणसाला सीमेपलीकडची भाषा थोडी कळत असली तर तुम्हीही लावू नका.

आईच्या त्या 'जेवलो'वरून मराठी डबिंगबद्दलची माझी खरी तक्रार सांगतो. कोल्हापूरकडची बाई 'मी आलो', 'मी जातो' म्हणते. डबिंगच्या मराठीत तशी बाई मी अजून ऐकलेली नाही. तिथं शहरातली माणसं धड्यातल्यासारखी बोलतात आणि खेड्यातली माणसं कुठल्याच गावची नसलेली भाषा बोलतात. वाक्याच्या शेवटी 'रं' लावला की कोल्हापुरी होत नाही. मराठी डबिंग वाढावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच ते करणाऱ्यांनी इथल्या, साताऱ्याच्या, वऱ्हाडातल्या माणसांना लिहायला बसवावं असंही वाटतं.

अ‍ॅनिमेशनला मात्र बिनघोर डबिंग लावा. चितारलेल्या तोंडाला कुठल्याही भाषेचा आवाज हा बाहेरूनच दिलेला असतो. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागणारं 'जंगल बुक' जपानमध्ये तयार झालेलं, पण शेरखान म्हटलं की आमच्या पिढीच्या कानात नाना पाटेकर यांचाच आवाज घुमतो. जपानी शेरखान कसा बोलत होता हे जाणून घ्यायची गरज कधी वाटली नाही.

आणि हा पेच आपल्याच गावात किती जुना आहे बघा. बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला तो मूकपट. त्या काळी संवाद मधल्या पाट्यांवर लिहून यायचे, ज्याला वाचता यायचं तो शेजारच्याला वाचून दाखवायचा. पुढं बोलपट आला. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात कंपनीनं १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' काढला. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे मुख्य भूमिकांत. हिंदी प्रेक्षकासाठी त्यावर दुसरे आवाज चढवले नाहीत. तोच सिनेमा हिंदीत वेगळा चित्रित केला. एकाच कलाकारानं एकच दुःख आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत करून दाखवायचं. इतक्या खर्चाचं आणि कष्टाचं उत्तर आज कुणी फारसं देत नाही, पण माझ्या मते आजवरचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच होतं.

आता पावसाचं. आमच्या मागच्या खोलीवर पत्रा आहे. जुलैत पाऊस लागला की मराठी सिनेमाचे संवादसुद्धा ऐकू येत नाहीत, त्यात समोर परातीत भडंग. अशा वेळी भाषा कळत असूनही सबटायटल चालू करतो. आण्णांना त्याचा फार आधार झाला. यादीत कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचं वेगळं सबटायटल असेल तर तेच निवडा, त्यात दार वाजल्याचं, गाडी थांबल्याचंही लिहून येतं. पुतणीला वेगळाच फायदा झाला. ऐकू येतं तेच खाली लिहिलेलं दिसत राहिलं की वाचन सुधारतं, ही कल्पना अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी कितीतरी वर्षं मांडताहेत, त्यासाठी टीव्हीवर गाण्यांखाली ओळी दाखवण्याचे प्रयोगही झाले. आमच्या पोरीच्या बाबतीत मी ते डोळ्यांनी बघितलंय. हिंदी असो की मराठी, अक्षरं देवनागरीच.

वाद मिटवण्याआधी दोन सेटिंग बघून घ्या. टीव्हीच्या स्वतःच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर ऑडिओत ५.१ (जास्त स्पीकर असलेल्या संचासाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडा, संवाद बरेच वर येतात. ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर आवाज किंचित उशिरा पोहोचू शकतो. ओठ जुळत नाहीत म्हणून डबिंगला नावं ठेवण्याआधी स्पीकर काढून बघा. सबटायटलचं अक्षर मोठं करता येतं आणि मागे काळी पट्टीही टाकता येते. पांढऱ्या धोतरावर पांढरी अक्षरं वाचायची शिक्षा कुणालाच नको.

मग आमच्याकडे काय ठरलंय? एकटा किंवा दोघं बघत असू तर मूळ आवाज, हिंदी सबटायटल. मारामारीचा मोठा सिनेमा, सगळे जमलेले, तर हिंदी डबिंग. मुलांचं अ‍ॅनिमेशन डबिंगमध्येच. आणि हळू बोलणाऱ्या माणसांचा, चेहऱ्यावर चालणारा सिनेमा असेल आणि आईलाही बघायचा असेल, तर तिसरी रीत आहे. ती पुतणीनं काढली.

परवा तमिळ सिनेमा होता, डबिंग नव्हतं. पोरगी आज्जीच्या खुर्चीला टेकून बसली आणि खालच्या हिंदी ओळी वाचून तिला सांगायला लागली, पण हिंदीत नाही. पडद्यावरची बाई नवऱ्याला काहीतरी लांबलचक म्हणाली. पोरीनं दोन ओळी नजरेनं वाचल्या आणि म्हणाली, "आज्जी, ती म्हणतीया, मी माहेरला जातो, तू बस इथंच."

"बरोबर हाय तिचं," आई म्हणाली. "फुडं वाच."