विश्वाची सुरुवात: हार्टल-हॉकिंग की विलेंकिन?
विश्व कसं सुरू झालं याबद्दल भौतिकशास्त्रज्ञांच्या या दोन प्रस्तावांत निवड करताना घोळ होतो, कारण गणित जवळपास एकच. फरक मुख्यतः संभाव्यतेच्या सूत्रात घातांकाचं चिन्ह धन की ऋण, याचा.

विलेंकिन (१९८२) यांच्या मते विश्व शून्यातून क्वांटम टनेलिंगने अवतरलं, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही कण अडथळ्यापलीकडे पोचतो तसं. हार्टल-हॉकिंग (१९८३) सुरुवातीचं टोकच काढून टाकतात: काळ काल्पनिक संख्येत मोजला की तो अवकाशासारखा वागतो, कडा उरतच नाही. दिसायला हे जास्त देखणं.

पण खरी कसोटी इन्फ्लेशनची, म्हणजे सुरुवातीच्या क्षणी विश्व अतिवेगाने फुगण्याची. विश्व साधारण १०^२६ पट तरी फुगायला हवं. हार्टल-हॉकिंगच्या धन चिन्हामुळे कमी निर्वात-ऊर्जेची (रिकाम्या अवकाशाची ऊर्जा, जी विश्वाला फुगवते), जेमतेम फुगणारी विश्वंच जास्त संभाव्य ठरतात. विलेंकिनचं ऋण चिन्ह नेमका उलटा कौल देतं.

दोन्हींत अवकाश-काळातले सूक्ष्म क्वांटम चढउतार आवरत नाहीत, म्हणून सुरळीत विश्व मिळत नाही, हा २०१७चा आक्षेप अजून वादात आहे.

सुरुवातीची अट भूमितीतूनच निघायला हवी असेल तर हार्टल-हॉकिंग घ्या. भरपूर इन्फ्लेशन हवं असेल तर विलेंकिन.