दोनशेचा प्लॅन आणि रात्री साडेनऊचं नेट

मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, भिंती दीड-दीड फुटाच्या. गल्लीतल्या एका फायबरवाल्याकडून आठ महिन्यांपूर्वी २०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिटचा प्लॅन घेतला. पहिल्याच संध्याकाळी मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, आकडा ३८. डोकंच फिरलं. लगेच फोन केला.

सकाळी जोडणीचं पोरगं हजर. "काका, माडीवर बसून टेस्ट करतायसा व्हय? खाली या की." राउटर खाली सोप्यात, फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर, जो लांब पोचतो पण हळू चालतो. राउटरशेजारी बसून वेगवान ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याला जोडला तर १८६. चूक माझी, कबूल. फक्त हे ५ गिगाहर्ट्झ आमच्या दोन भिंती ओलांडेपर्यंत मान टाकतं.

लॅपटॉपला वायर लावली तर ९४, दहादा केलं तरी ९४च. असा एकाच जागी अडलेला आकडा दिसला की समजायचं, मध्ये कुठंतरी १०० चं बूच आहे. माझ्या जुन्या लॅन केबलीत आठऐवजी चारच तारा होत्या. केबल बदलली, १९० च्या वर गेलं. धाकटा तरी कुरकुरतच होता, "डाउनलोड २४ वर अडकलंय." अरे बाबा, ते मेगाबाइट! प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, एका बाइटात आठ बिट, आठानं भाग.

इथपर्यंत त्यांना पैकीच्या पैकी. पावसात तार तुटली तेव्हाही त्याच दिवशी जोडून दिली.

खरी रड रात्री नऊनंतरची. टेस्टचं ॲप ज्या मशीनशी वेग मोजतं तो सर्व्हर आपणहून जवळचा धरतं, आमच्याकडं तो या फायबरवाल्यांचाच निघतो. तिथं कधीही बघा, १९०. हातानं मुंबईचा सर्व्हर निवडला की ४५, आणि पिंग, म्हणजे तिकडून उत्तर यायला लागणारा वेळ, १८ मिलिसेकंदांवरून १४० वर. लेकीची ऑफिसची मीटिंग नेमकी तेव्हाच असते; तिचा आवाज तुटतो, पलीकडचे "हॅलो हॅलो" करत बसतात. सकाळी सातला तोच मुंबईचा सर्व्हर १८० देतो. म्हणजे घरची तार धड आहे, गर्दीच्या वेळी यांची पुढची लाईन पुरत नाही.

दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा त्यांनी आपल्याच सर्व्हरचा १९० दाखवून तक्रार बंद केली. आपल्याच तालमीत आपल्याच पोराला चीतपट करून गदा मिरवायची, त्यातला प्रकार!

पाचपैकी तीन. वर्षाचे पैसे एकदम भरायची सूट देत होते, मी महिन्याचेच भरलेत. वसुलीला माणूस येईल त्याला रात्री साडेनऊला बोलावलंय, मुंबईचा सर्व्हर त्याच्यासमोरच लावणार.