नोव्हेकच्या नावाखाली 20 लिटर तेल गळ्यात मारलं

कॅन एका हाताने उचलला गेला, तिथेच थांबायला हवं होतं. नोव्हेक 7100 म्हणजे संगणक आख्खा बुडवून थंड ठेवायचं, वीज न वाहू देणारं द्रव. त्याची घनता 1.51. म्हणजे 20 लिटरचे 30 किलो व्हायला हवेत. काट्यावर कॅनसकट 18 भरले. खनिज तेल लिटरमागे साडेआठशे ग्रॅमच्या आसपास असतं. हिशेब इतका सोपा, आणि केला कधी? सगळं टाकीत ओतल्यावर!

एवढं कळतं तर फसलात कसे, असं विचाराल. थापेत अर्धं सत्य होतं ना. नोव्हेक बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने डिसेंबर 2022 मध्येच जाहीर केलं होतं की 2025 अखेर असले द्रव बनवणं बंद. मग विक्रेत्याचा ‘शेवटचा साठा’ कोणालाही पटला असता. 20 च्या 20 लिटरचे पैसे आगाऊ गेले. तुम्ही देऊ नका. आधी एक लिटर मागवा, थोडं पाण्यात ओता: खरं तळाशी बसतं, तेल तरंगतं. बोटाला लावा: खरं बघता बघता उडून जातं. हे साबणाने धुऊनही बोटावर चिकट राहिलं.

"झाकण नको, रेडिएटर नको, सगळं बुडवा," विक्रेता म्हणाला. 61 अंशांना उकळणारं द्रव उघड्या टाकीत कोण ठेवतं? हेही खटकलं नाही. 20 लिटर तेल 1 अंशाने तापायला साधारण 28 किलोज्यूल लागतात, 300 वॉटचा संगणक ते दीड मिनिटात देतो. काचेतून थोडी उष्णता जाते, तरी दोन तासांत टाकीला हात लाववत नाही. शिवाय तेल केबलच्या आतून वर चढतं, थेंब थेट मॉनिटरमागे. पीव्हीसीचा मऊपणा तेलात उतरून वायरी काडीसारख्या कडक होतात. साध्या हार्ड डिस्कला हवेचं भोक असतं, ती बुडवायचीच नाही. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टऐवजी इंडियम या मऊ धातूची पत्री लावा.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. पोलीस म्हणतात, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? ग्राहक तक्रारवाल्यांना प्रयोगशाळेचा अहवाल हवा, प्रयोगशाळेला सीलबंद नमुना. सील न तोडता ओतायचं कसं, ते कोणी सांगत नाही. एका साहेबांनी अर्जातला ‘डायइलेक्ट्रिक’ (वीज न वाहू देणारं) शब्द वाचून विजेचं बिल मागितलं! शेवटी काट्याचा फोटो जोडला. उत्तर आलं: वजन कमी भरलं असेल तर वाहतूकदाराकडे तक्रार करा.