करंजाचं बायोडिझेल : नागपूरच्या उन्हात कसं टिकतं, कितीला पडतं

विदर्भात पिकणाऱ्या किंवा झाडावरून पडणाऱ्या बियांपासून बायोडिझेल करायचं तर करंज पहिल्या नंबरावर. करंजाचं बायोडिझेल साध्या डिझेलमध्ये २० टक्के मिसळून वावरातला पंप, जनरेटर किंवा इनलाइन पंपाचा (साध्या यांत्रिक इंधन पंपाचा) जुना ट्रॅक्टर चालवायचा असेल तर पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो टिकाऊपणासाठी. कॉमन रेल इंजिनाच्या (संगणकाने इंधन फवारणाऱ्या) बीएस-६ गाडीत, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत मात्र हे २० टक्के मिश्रण टाकू नये. त्या इंजिनांत धुराड्याची जाळी साफ करायला जादा इंधन फवारलं जातं. बायोडिझेल लवकर उडून जात नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं.

करंजच का, याचं उत्तर हंगामात आहे. करंजाच्या शेंगा फेब्रुवारी ते मे या काळात पिकतात. नागपूरच्या उन्हात बी दोन-चार दिवसांत खडखडीत वाळतं. मोहाचं तसं नाही. मोहाचं फळ जून-जुलैत पडतं, म्हणजे बी गोळा होतं ते पावसात. ओल लागली की बियांतलं तेल फुटून मोकळी आम्लं वाढतात, आणि बायोडिझेलच्या धंद्यात आम्लता वाढली म्हणजे पैसा बुडाला. शिवाय मोहाचं तेल हिवाळ्यात तुपासारखं थिजतं, आणि त्याचं बायोडिझेलही थंडीत गाळणीवर मेणासारखं बसतं. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे मोहाच्या बायोडिझेलवर पंप सुरू करण्याच्या भानगडीत पडू नये. गडचिरोलीकडे हे तेल खाण्यातही आहे, ते ताटातच राहिलेलं बरं.

जवसाचं तेल रंगात घालतात ते हवेत सुकून त्याचा पापुद्रा होतो म्हणून. तोच पापुद्रा टाकीत आणि नोझलवर होतो, तेव्हा जवस बाद. सोयाबीनचं बायोडिझेल इंजिनाला चांगलं, खिशाला नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि एका क्विंटलमधून सॉल्व्हंट प्लांटवर (रसायनाने तेल काढणाऱ्या कारखान्यात) जेमतेम १८ किलो तेल निघतं. एक्स्पेलरवर, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या घाण्यावर, त्याहून बरंच कमी. सोयाबीन तेलाचा डबा डिझेलपेक्षा कितीतरी महाग असताना ते जाळण्यात अर्थ नाही. सरकीचंही तेच. मोगली एरंडाचा (जट्रोफाचा) गाजावाजा २००३ पासून झाला, पण पाण्याविना, खताविना माळावर तो पुरेसं बी देतच नाही.

आता पैशाचं. करंजाच्या १०० किलो बियांमधून चांगल्या एक्स्पेलरवर २५ किलोच्या आसपास, म्हणजे २७ लिटर तेल पडतं. ढेप ७० किलोच्या जवळपास. यावरून एक सोपा हिशेब कायम डोक्यात ठेवावा : बी किलोमागे एक रुपयाने महागलं की लिटरभर तेल पावणेचार रुपयांनी महागतं, आणि ढेपेला किलोमागे एक रुपया जास्त मिळाला की लिटरमागे अडीच रुपये परत येतात. समजा बी ३० रुपये आणि ढेप १८ रुपये किलो. तर तेल पडलं ६४-६५ रुपये लिटर. त्यावर मिथेनॉल (एक अल्कोहोल), कॉस्टिक पोटॅश (खताचा पोटॅश नव्हे), गाळप, वीज, मजुरी यांचे १५ ते १८ रुपये धरले तर बायोडिझेल ८० च्या वर जातं. डिझेल नव्वदीच्या घरात असेल तोवर हे जमतं. बी ३५ वर गेलं की खेळ संपला. म्हणून ढेप विकण्याची सोय आधी, मशिनरी नंतर. करंजाची ढेप कडू असते, ढोरांना घालायची नाही. खत म्हणून आणि वाळवीसाठी संत्र्याच्या बागेत ती चालते, आणि नागपूरच्या आसपास संत्र्याला तोटा नाही.

करण्याची रीत तशी सोपी आहे : तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक पोटॅश घालून तापवत फिरवायचं, की बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळं होतं. पण एक पायरी गाळली तर सगळी बॅच साबण होते. ती पायरी म्हणजे आम्लता मोजणं. लिटरभर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवावा. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत आणि पोटॅशचं पाणी थेंबथेंब सोडावं. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबावं. जितके मिली लागले तितके ग्रॅम पोटॅश दर लिटर तेलामागे नेहमीच्या ९ ग्रॅमच्या वर घालायचा. आकडा ४ च्या पुढे गेला तर पोटॅश वाढवत बसू नये. अशा तेलाला आधी सल्फ्युरिक आम्ल, तेलाच्या वजनाच्या एक टक्का, आणि मिथेनॉल घालून ६० अंशांवर तास-दीड तास फिरवावं लागतं. सुटलेलं पाणी काढून टाकल्यावरच पुढचं काम. जुनं, पोत्यात दमट पडलेलं करंज घेतलं की हा जादा खर्च ठरलेलाच.

पुढे दर लिटर तेलाला २०० ते २२० मिली मिथेनॉल, त्यात वर मोजलेला पोटॅश विरघळवून. यातलं सव्वाशे-एकशेतीस मिलीच खरं कामी येतं, बाकीचं क्रिया पुरी व्हावी म्हणून. ते उकळून परत मिळवण्याची सोय ज्या मशीनमध्ये नाही, ते मशीन स्वस्त असलं तरी घेऊ नये. तापमान ५५ ते ६०. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंश बाहेरचेच असतात, तेव्हा हीटरवर लक्ष हवं. तासभर फिरवून रात्रभर ठेवलं की ग्लिसरीन खाली बसतं. ते काढून बायोडिझेल कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावं. जोरात ढवळलं तर दुधासारखं होतं आणि दोन दिवस वेगळं होत नाही. शेवटी तापवून पाणी पार घालवावं.

मिथेनॉल विष आहे, त्याची वाफही आणि कातडीतून शिरलेलंही. भर उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. परवान्याशिवाय साठा करू नये. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्रीय कार्यालय, पेसो, नागपुरात सेमिनरी हिल्सवरच आहे. साठवणीच्या टाकीचं, अंतराचं काय ते तिथे विचारून घ्यावं. तेलाच्या तंत्राबद्दल शंका असेल तर १९४२ साली निघालेलं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट (आता एलआयटी विद्यापीठ) याच शहरात आहे, आणि तेल तंत्रज्ञान हा त्यांचा जुना विषय.

स्वतः न करता ड्रम विकत घेणाऱ्यांसाठी ही पुढची गोष्ट मोलाची. बायोडिझेलच्या नावावर भलतीच खनिज तेलं खपवली जातात. ड्रम उतरवण्याआधी बाटलीत २७ मिली मिथेनॉल घ्यावं, त्यात ३ मिली माल टाकून हलवावं. खरं बायोडिझेल पूर्ण विरघळतं. तळाला तेलाचा थेंब बसला तर क्रिया अर्धवट राहिली आहे. माल वेगळाच थर धरून राहिला तर त्यात खनिज तेल आहे. ही चाचणी २० ते २२ अंशांवर करायची असते. नागपूरच्या दुपारी गरम मिथेनॉलमध्ये कच्चा मालही विरघळून पास होतो, म्हणून बाटल्या आधी गार पाण्यात ठेवाव्यात. दुसरी खूण घनतेची. १५ अंशांना बायोडिझेल ०.८६ ते ०.९० भरतं, डिझेल ०.८२ ते ०.८४५. तापमान एक अंश वाढलं की आकडा ०.०००७ ने उतरतो, म्हणजे १५ अंशांना ०.८८ असलेला माल ४० अंशांना ०.८६२ दाखवेल. तो खोटा समजून परत पाठवू नये. कागदावर आयएस १५६०७ (बायोडिझेलचं भारतीय मानक) प्रमाणे तपासणी मागावी : एस्टर (म्हणजे मालातलं खरं बायोडिझेल) किमान ९६.५ टक्के, आम्लता कमाल ०.५, पाणी कमाल ५०० मिलिग्रॅम किलोमागे. हा कागद दाखवायला जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊच नये.

वापरताना पहिल्या दोन टाक्यांत डिझेल फिल्टर चोंदतो. यात बायोडिझेलचा दोष नाही. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवून आणतं. दोन फिल्टर जवळ ठेवावेत, पुढे त्रास होत नाही. जुन्या रबरी नळ्या मात्र फुगतात आणि मऊ पडतात. व्हायटनच्या (बायोडिझेलमध्ये न फुगणाऱ्या रबराच्या) नळ्या आणि ओ-रिंगा टाकून घ्याव्यात. तांब्या-पितळेच्या फिटिंगा आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या टाक्या टाळाव्यात, या धातूंनी बायोडिझेल लवकर खराब होतं. ताकद कमी पडते का? शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा सात ते नऊ टक्के कमी असते. २० टक्के मिश्रणात हा फरक दोन टक्क्यांच्या आतच राहतो, पंपाच्या पाण्याच्या धारेत तो दिसत नाही. वंगण चांगलं असल्याने इंजेक्शन पंपाला फायदाच.

कापलेला एक गुण साठवणीचा. मानकाप्रमाणे ११० अंशांवर आठ तास टिकायला हवं. करंजाचं बायोडिझेल अँटिऑक्सिडंट (हवेने खराब होणं रोखणारं रसायन) घातल्याशिवाय सहसा तिथवर पोचत नाही. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर ठेवलेल्या लोखंडी ड्रममध्ये ते आंबूस वास सोडतं, आम्लता चढते, तळाला चिकट गोंद धरतो. स्टील किंवा जाड प्लास्टिकची टाकी, तोंडापर्यंत भरलेली, सावलीत, आणि तीन महिन्यांत संपेल एवढाच साठा. पावसाळ्यात झाकणाच्या वॉशरमधून दमट हवा आत जाते. दर पंधरवड्याला तळाचा नळ उघडून वाटीभर काढून पाहावं, पाणी दिसलं तर आधी ते काढावं, मगच टाकीतून भरावं.