लातूरचं बिनगव्हाचं दुकान

ब्रेडपासून सुरुवात करतो, कारण तो चांगला नाही. ज्वारी आणि तांदळाचं पीठ, बांधणीला इसबगोल. हातात घेतला की वजन जाणवतं. तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी कडक भाजला तर चहाबरोबर खपतो, तसाच खाल्ला तर घशाशी अडतो. छोट्या लादीला ९० रुपये. दुकानातल्या मावशी स्वतःच म्हणतात, "ब्रेड नका नेऊ दादा, अजून मनासारखा जमंना गेलाय." विकणारी बाईच असं म्हणते म्हटल्यावर तिच्या बाकीच्या मालावर माझा विश्वास बसला.

दुकान गंजगोलाईतून, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेतून, फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या आतल्या गल्लीत आहे. नाव इथं लिहीत नाही, मावशींनीच नको म्हटलंय. आहे त्या गिऱ्हाइकालाच माल पुरत नाही म्हणतात. गोलाईतल्या कुठल्याही भुसार दुकानात बिनगव्हाचं दुकान विचारा, बोट दाखवतील. दोन खोल्या. पुढं काउंटर, मागं गिरणी, शेवयाचं मशीन आणि भाजायची मोठी कढई. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी आणि डाळी एवढंच आत येतं. गव्हाचं पोतं उंबऱ्याच्या आत येत नाही. मावशींच्या डब्यात चपाती असली तर त्या बाहेर ओट्यावर बसून खातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एवढी नाटकं कशाला, असं वाटेल. माझ्या मुलीला सिलिॲक आहे. सात वर्षांची असताना कळलं. उंची थांबलेली, पोट फुगलेलं, लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवून हिमोग्लोबिन तिथंच. शेवटी टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा काढला, तेव्हा उलगडा झाला. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. आतड्याच्या आतली मखमल झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. याला औषध नाही, आयुष्यभर पथ्य. (कुणाला शंका असेल तर एक सांगून ठेवतो: तपासणीआधी स्वतःच्या मनानं गहू बंद करू नका. रिपोर्ट खोटाच चांगला येतो.)

मराठवाड्यात राहून याचं काय एवढं, असं सगळे म्हणतात. माझा धंदा बी-बियाण्यांचा, ज्वारीतच वाढलोय. रब्बीची मालदांडी आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाची लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती आहे, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भाकरी खा आणि गप बस की! पोरगीही तेच करायला लागली. भाकरी, वरण-भात, बटाट्याची भाजी, पोहे, दही. ह्या पाच गोष्टींच्या बाहेर काही म्हणून तोंडाला लावायची नाही. नाचणीचं सत्त्व नको, राजगिऱ्याचा लाडू नको, इडलीसुद्धा नको. इडलीत गहू नसतो हे तिला ठाऊक आहे, मी समजावलंय, डॉक्टरांनी समजावलंय. तरी नको.

आमच्याकडं याला नखरे म्हणतात. मला तसं वाटत नाही. एका वाढदिवसाला मिलेट केक आला होता. २०२३ च्या भरडधान्य वर्षापासून मिलेट नावाचं पेव फुटलंय. खोक्यावर ज्वारीचं कणीस, मोठ्या अक्षरात ज्वारी. खोकं कचऱ्यात गेल्यावर कुणीतरी मागची बारीक अक्षरं वाचली, त्यात मैदा. पोरगी रात्रभर ओकत होती. त्या रात्रीनंतर नवीन म्हणजे दगा, असा तिचा हिशेब पक्का झाला. हा हिशेब चुकीचा आहे असं तिला कोणत्या तोंडानं सांगू? सिलिॲक असलेल्यांत नव्या पदार्थांची धास्ती जास्त आढळते, असं काही अभ्यासांतही दिसलंय. त्यात आमचे पाहुणे. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा द्रोण पुढं करून म्हणणार, "प्रसादाला नाही म्हणू नये, चिमूटभरानं काय होतंय." चिमूटभरानंच होतं.

पण या धास्तीतली मेख माझ्या आईनं काढली. पोरगी नव्याला भिते आणि जुन्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. धोका मात्र जुन्यातच जास्त. आई एका दुपारी मसाल्याचे सगळे डबे पुढ्यात घेऊन बसली आणि कशात काय पडतं ते मोठ्यानं सांगत गेली. येसर: धणे, हरभऱ्याची डाळ, आणि भाजलेले गहू. मेतकूट: त्यातही गहू. थालीपिठाची भाजणी: गहू. धपाट्याचं पीठ: ज्वारी, बेसन, आणि हाताला चिकटू नये म्हणून मूठभर कणीक. बांधानी हिंगाच्या डबीवर वाचलं तर खाण्याचा डिंक आणि मैदा. राहता राहिली भाकरी, तर गिरणीत आमच्या ज्वारीच्या आधी शेजाऱ्यांचा गहू दळला जायचा. आमच्या घरातला सगळ्यात भरवशाचा पदार्थ येसरची आमटी, तोच बंद झाला. आई दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. तिच्या आईच्या हातचा मसाला होता तो.

म्हणून या दुकानातली पहिली घ्यायची वस्तू येसर. गव्हाऐवजी बाजरी भाजून घालतात, थोडी ज्वारी. रंग जरा काळपट येतो, आमटी तेवढी दाट होत नाही. अर्धा चमचा जास्त घालायचा आणि उकळी जरा जास्त काढायची. वास मात्र तोच, मसाला फोडणीत पडला की गल्लीत कळतं. पाव किलोला ११० रुपये. महाग आहे, पण घरी भाजत बसण्यापेक्षा परवडतं. आईनं चाखून "धणे कमी आहेत" एवढंच म्हटलं. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

धपाट्याचं पीठ उत्तम. कणकेऐवजी थोडं उडदाचं पीठ असतं, त्यामुळं ओल्या फडक्यावर थापताना कडा फाटत नाहीत. ताक घालून भिजवा, नुसत्या पाण्यात कोरडे होतात. प्रवासाला दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात. नांदेडला जाताना दह्याची चटणी आणि हे धपाटे एवढ्यावर आमचं भागतं. बाहेर खायचा प्रश्नच येत नाही, कारण हॉटेलात तवा एकच असतो आणि त्याच्यावर आधी चपाती झालेली असते.

ज्वारीचा रवा चांगला, अर्धा किलो ५५ रुपये. उपमा मोकळा होतो, फक्त पाणी गव्हाच्या रव्यापेक्षा बरंच जास्त लागतं आणि झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्यावा लागतो. याच रव्याचा शिरा आई आता पूजेला करते. गुळाचा, साखरेचा नाही, साखरेत ज्वारीची चव उघडी पडते. गेल्या श्रावणात सगळ्या पाहुण्यांना तोच प्रसाद मिळाला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. कढई एकच, द्रोण एकच, पोरीला वेगळं काही नाही. ही माझ्या मते या दुकानाची सगळ्यात मोठी कमाई.

शेवया थोड्या अवघड. ग्लूटेन नसल्यानं धरून ठेवायला काही नसतं. उकळत ठेवल्या की पिठलं होतं. उकळत्या पाण्यात घाला, गॅस बंद करा, तीन-चार मिनिटांनी चाळणीत ओता, वरून गार पाणी मारा. मावशी हे पाकिटावर छापत नाहीत, तोंडी सांगतात. छापायला पाहिजे. बिस्किटं ठीकठाक. चव खमंग, तूप खरं, पण डब्यातून शाळेत नेली की भुगा होतो. पोरगी तो भुगा दुधात घालून चमच्यानं खाते.

खाते, हे एवढ्या सहज लिहिलं, पण तिथंवर यायला मावशींची एक सवय कामाला आली. त्या कुणालाही "खाऊन तर बघ" म्हणत नाहीत. पहिल्यांदा मुलीला घेऊन गेलो तेव्हा चवीची ताटली काउंटरवरच होती, पण त्यांनी ती पुढं केली नाही. तिला म्हणाल्या, "ये, मशीन बघ." आत नेलं. ज्वारीचं पोतं उघडून दाखवलं, मूठभर तिच्या हातात दिली, गिरणीच्या तोंडात तिलाच टाकायला लावली. मग शेवया पडताना दाखवल्या. पोरगी विचारत होती, हे कशाचं, ते कशाचं, ही चाळणी आधी कशाला वापरली, हा झाडू कुठला. दहा वर्षांच्या पोरीची ही उलटतपासणी मावशी न वैतागता झेलत होत्या. निघताना त्यांनी पाव किलो कोरड्या शेवया बांधून दिल्या. "घरी ठेव. करू वाटलं तर कर, न्हाई तर चिमण्यांना टाक."

पुडी बरेच दिवस कपाटात पडून होती. आम्हीही विषय काढला नाही. एके दिवशी तिनं आजीला सांगितलं की मी करणार, तुम्ही हात लावायचा नाही. स्वतः पातेलं घासलं, स्वतः पाणी ठेवलं. शेवयांचा लगदा झाला, तोही तिनं दूध-गूळ घालून वाटीभर खाल्ला आणि रात्री पोटावर हात ठेवून बसून राहिली. काही झालं नाही. सकाळी उठून म्हणाली, "पप्पा, पाच मिनिटं जास्त ठेवल्या मी." पाच गोष्टींच्या यादीत शेवया आल्या, मग रवा, मग धपाटे. राजगिऱ्याचा लाडू अजून नाही. इडलीही नाही, कारण इडलीचं पीठ कुठं वाटतात ते तिनं पाहिलेलं नाही.

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतात पूजा करून जेवायच्या सणाला, मात्र ती कधीच भ्यायली नाही, हेही सांगायला हवं. शेतात आंबील, भज्जी (तळलेली भजी नव्हे, मिसळ भाजी), बाजरीचे उंडे. एक गव्हाची खीर सोडली तर सगळं तिचंच. भज्जीत हिंग पडू नये एवढं पाहावं लागतं. त्या दिवशी ती वाढायला पुढं असते आणि शहरातून आलेल्या तिच्या आतेभावंडांना "खाऊन तर बघा" म्हणते. मी काही बोलत नाही.

आता दुकानाच्या उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे माल प्रयोगशाळेत तपासलेला नाही. अन्नसुरक्षेच्या नियमानुसार ग्लूटेन-फ्री असं छापायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. मावशींच्या पाकिटावर परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे, पण ग्लूटेन-फ्री हा शब्द नाही. विचारलं तर म्हणाल्या, "गहू आत येऊ देत न्हाई एवढं माझ्या हातात. शेतात, पोत्यात काय मिसळलं ते मी कसं सांगू?" उत्तर प्रामाणिक आहे, पण प्रामाणिकपणानं ग्लूटेन मोजलं जात नाही. पोरीच्या रक्ताचे आकडे या मालावर नीट राहिलेत म्हणून आम्ही घेतो. तुमच्या घरी नुकतंच निदान झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मावशी, वर्षातून एकदा तरी नमुना तपासायला पाठवा. दोन-पाच रुपये वाढवा हवं तर, आम्ही देऊ.

दुसरं, हिंग. तांदळाच्या पिठातला हिंग ठेवतात, पण तो बाहेरून येतो आणि निम्म्या वेळा संपलेला असतो. तिसरं, दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी हवी असेल तर दसऱ्यालाच सांगून ठेवावं लागतं, नंतर मावशी सरळ हात जोडतात. गल्लीत गाडी जात नाही, गोलाईतच लावून चालत यावं लागतं.

सोमवारी बंद. दुपारी एक ते चार गिरणी धुतात, तेव्हा विक्री नाही, पण मुलांना घेऊन जायचं असेल तर मी तीच वेळ सुचवेन. मशीन उघडलेलं असतं, सगळं आतून दिसतं, आणि मावशींना बोलायला वेळ असतो.