बिलात नवा एअर फिल्टर, गाडीत जुनाच

ज्यांची बाईक सर्व्हिसिंगला ऑथोराइज्ड डीलरकडे जाते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बिल भरण्याआधी गाडीखाली वाकून बघा. का, ते सांगतो.

माझी १५० सीसीची गाडी रोज मुलुंडहून लोअर परळला जाते. वॉरंटी संपलेली, तरी सर्व्हिसिंग डीलरकडेच चालू होतं. जुलैमध्ये उपनगरातल्या एका सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. संध्याकाळी बिल हातात आलं: इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, चेन क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, शिवाय 'कन्झ्युमेबल्स'. या सगळ्यावर जीएसटी. गाडी चकाचक होती, टाकीला पॉलिश, टायरला काळी चमक.

घरी मामेभाऊ आला होता. तो अंबरनाथला गॅरेजात काम करतो. त्याने मोबाईलचा टॉर्च इंजिनखाली धरला आणि म्हणाला, "दादा, हा ड्रेन बोल्ट कुणी खोललेलाच नाही." बोल्टभोवती पावसाचा चिखल सुकून घट्ट बसला होता, पान्याचा ओरखडासुद्धा नव्हता. हा बोल्ट काढल्याशिवाय इंजिनातलं जुनं ऑईल खाली उतरत नाही. ऑईल फिल्टरच्या झाकणाचे बोल्टही तसेच, खाचांत माती भरलेले. मग सीट काढून एअर फिल्टर बाहेर घेतला. घड्या काळ्या, कोपऱ्यात मेलेल्या किड्यांचा थर. नवा म्हणून ज्याचे पैसे घेतले, तो हा.

एक गोष्ट इथेच सांगतो. ऑईल काळं दिसतं एवढ्यावरून भांडायला जाऊ नका. नवं ऑईलही थोड्या दिवसांत काळवंडतं, आणि तेच उत्तर तुम्हाला मिळेल. चिखलाने भरलेल्या बोल्टला मात्र उत्तर नसतं. आम्ही काहीही पुसण्याआधी फोटो काढले, व्हिडिओ केला, त्यात मीटरचं रीडिंगही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो, तर तिथला अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये एंट्री आहे, म्हणजे काम झालेलं आहे." मी काढलेले जुने पार्ट मागितले. आतून एक एअर फिल्टर आला. माझ्या गाडीच्या बॉक्समध्ये धरून दाखवा म्हटलं, तर तो बसेना. दुसऱ्याच मॉडेलचा होता! तेव्हा मॅनेजर बाहेर आला आणि "पुढची सर्व्हिस फ्री करून देतो" म्हणाला. ज्यांनी ही केली नाही, त्यांच्याकडून पुढची फुकट घेऊन काय करू? मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, कंपनीच्या कस्टमर केअरला फोटोंसकट मेल केला. काही दिवसांनी न केलेल्या कामांचे पैसे परत आले. माफी नाही, खुलासा नाही. नसते आले, तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे तक्रारीची फी लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मला याचा राग पैशांपेक्षा वेगळ्या कारणाने येतो. पावसात हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना आपण या कागदावर भरवसा ठेवून चाललेलो असतो. उद्या याच पद्धतीने ब्रेक पॅडसमोर टिक मारली तर?

डोळ्यांना दिसतं ते काम झालं होतं, झाकणाआडचं राहिलं होतं. म्हणून गाडी देतानाच फिल्टरवर मार्करने खूण करा, आणि जुने पार्ट परत हवेत हे जॉब कार्डवर लिहून घ्या. ऑईल सीलबंद डब्यातलं, तुमच्यासमोर फोडलेलं हवं. बिलावर किती ऑईल लावलंय, ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. इंजेक्टर क्लीनिंग म्हणजे पुष्कळदा टाकीत एक बाटली ओतणं, नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

आता ऑईल, एअर फिल्टर आणि चेन मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो. पाना, ट्रे, फनेल आणि सुट्टीची सकाळ, एवढंच लागतं. ऑईल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑईलच्या मानकाची खूण) लिहिलेलं बघा. गाडीचा क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑईल घातलं तर तो घसरू शकतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका, आणि बोल्ट जोर लावून आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. चेन किती सैल हवी ते बहुतेक गाड्यांच्या चेनजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. ब्रेकचं ऑईल आणि व्हॉल्व्ह सेटिंग मात्र मी भावाकडेच नेतो, ते शिकलेल्या हाताचं काम आहे.

वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस डीलरकडेच करा, फक्त वरची काळजी घेऊन. आणि घरी काढलेलं काळं ऑईल गटारात ओतू नका. डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुनं ऑईल उचलणारा येतो.