डॉस १.१ ते ६.२२: काही महिने वापरून झाल्यावर

डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टंकून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम. घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. एक्सटी किंवा २८६ (ऐंशीच्या दशकातले जुने पीसी) असेल तर डॉस ३.३ लावा. ३८६ किंवा त्यापुढचं मशीन असेल तर ५.० किंवा ६.२२. ४.० च्या वाटेला जाऊ नका. १.१ एकदा बघायला हरकत नाही, पण त्यावर काम करायला जाल तर डोकं धराल.

आता सविस्तर. पावसाळ्यापासून मी एटीसिक्सबॉक्स या एमुलेटरवर (जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) तीन जुनी मशीनं मांडून बसले आहे: ४.७७ मेगाहर्ट्झचा एक्सटी, एक २८६ आणि ४ एमबी मेमरीचा ३८६. कारण घरगुती आहे. वडिलांच्या दुकानाचा हिशोब डीबेस थ्री प्लस या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये होता आणि तो ज्या फ्लॉप्यांवर उरलाय त्यांत त्याच्या .डीबीएफ फायली दिसतच नाहीत. प्रत्येक फ्लॉपीवर दोनच फायली: बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१. पुढच्या फ्लॉपीवर .००२, मग .००३. म्हणजे हा डॉसच्या बॅकअप कमांडने घेतलेला साठा, आणि तोही ३.३ किंवा नंतरच्या डॉसचा. त्याआधीच्या आवृत्त्या प्रत्येक फाइल वेगळी ठेवायच्या, ३.३ पासून सगळं या जोडीत कोंबलं जाऊ लागलं. ते सोडवायला रिस्टोअर ही बॅकअपची उलटी कमांड हवी, रिस्टोअरला त्याचा डॉस हवा. एकदा ३.३ उभा केल्यावर मागे-पुढे बघण्याचा मोह आवरला नाही.

नावाचा घोळ आधी मिटवू. आयबीएमने विकला तो पीसी-डॉस, मायक्रोसॉफ्टने बाकी कंपन्यांना दिला तो एमएस-डॉस. सुरुवातीची बरीच वर्षं आतून दोन्ही जवळपास एकच, म्हणून मी सरसकट डॉस म्हणते. मूळ काम टिम पॅटरसनचं, १९८० चं, सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत. त्यांचा ८०८६ चा बोर्ड तयार होता, पण त्यावर चालेल असा सीपी/एम (तेव्हाची प्रचलित ऑपरेटिंग सिस्टिम) यायला उशीर होत होता, म्हणून त्याने स्वतःच एक सिस्टिम लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती आयबीएम पीसीसोबत बाजारात आली. ए: बी: ही ड्राइव्हची अक्षरं, आठ अधिक तीन अक्षरांची फाइलची नावं, .कॉम या प्रोग्रामच्या फायली, हे सगळं सीपी/एमच्या घराण्यातलं.

१.१ (मे १९८२) सुरू केला की आधी तारीख विचारतो, मग वेळ. कारण त्या पीसीत बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. कंटाळून नुसतं एंटर मारलं की फायलींवर १-१-८० पडतं. जुन्या फ्लॉप्यांवर या तारखेच्या फायलींचा खच का असतो ते इथे कळलं. फोल्डर नाहीत, हार्ड डिस्क नाही, पडदा पुसायला सीएलएससुद्धा नाही. ३२० केबीची दोन्ही बाजूंची फ्लॉपी आणि तिच्यावर जास्तीत जास्त ११२ फायली, सगळ्या एकाच यादीत. १.० पेक्षा हेही पुढचंच, कारण १.० मध्ये १६० केबीची एकाच बाजूची फ्लॉपी, ६४ फायली, आणि फाइलला फक्त तारीख, वेळ नाही. अर्ध्या तासात सगळं बघून होतं.

खरी उडी २.० ला (मार्च १९८३) आहे. आयबीएमने एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क घातली आणि एका यादीत इतक्या फायली मावणार कशा, हा प्रश्न आला. म्हणून फोल्डर आले. आज आपण डॉस म्हणून जे ओळखतो ते बहुतेक इथलं: फोल्डर बदलायला सीडी, नवा करायला एमडी, पाथ, कॉन्फिग.सिस ही सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल, बाहेरून जोडायचे डिव्हाइस ड्रायव्हर, एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारा पाइप. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा झेनिक्स हे स्वतःचं युनिक्स होतंच, त्याचा वास सगळीकडे येतो. फक्त फोल्डरसाठी सरळ तिरकी रेघ वापरता येईना, कारण १.x पासून ती स्विचसाठी, म्हणजे कमांडपुढच्या पर्यायांसाठी, अडकलेली. म्हणून उलटी रेघ, जी आजतागायत विंडोजच्या मानगुटीवर आहे. गंमत म्हणजे २.x च्या कॉन्फिग.सिसमध्ये स्विचार नावाची एक ओळ घालून स्विचसाठी दुसरं चिन्ह घेता येतं आणि मग सरळ रेघेने फोल्डर लिहिता येतात. मी ते केलं. छान वाटलं. पण इतरांच्या बॅच फायली (कमांडची यादी असलेल्या फायली) चालेनात, म्हणून काढून टाकलं. ३.० पासून ती ओळच चालत नाही.

२.० चा कच्चेपणा दिसतो तो पाइपमध्ये. डिर | सॉर्ट द्या, यादी अक्षरानुसार लावून मिळते, पण तिच्यात %पाइप१.$$$ आणि %पाइप२.$$$ अशा दोन आगंतुक फायली घुसलेल्या असतात. एका वेळी एकच काम करणारी सिस्टिम पाइप कुठून आणणार? ती पहिल्या कमांडचं उत्तर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते, मग दुसरीला वाचायला देते, आणि डिर बिचारी दिसेल ते छापते. फ्लॉपीवर राइट-प्रोटेक्टची चिकटपट्टी असेल तर पाइप चालतच नाही. दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही: २.० मध्ये फॉरमॅटपुढे ड्राइव्हचं अक्षर द्यायला विसरलात तर तो चालू ड्राइव्हच घेतो. तुम्ही सी: वर उभे असाल तर सी:. एमुलेटरवर इमेजची प्रत असते म्हणून करून पाहिलं. खऱ्या दहा एमबीवर ज्यांनी हे भोगलं असेल त्यांची दया येते.

३.० (१९८४, पीसी-एटी या २८६ मशीनसोबत) ते ३.२ मी भराभर उरकले. १.२ एमबीची फ्लॉपी, १६ बिटांचा फॅट (डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची नोंद), नेटवर्कची सोय, मग ३.२ ला ७२० केबीची छोटी फ्लॉपी आणि एक्सकॉपी. एक्सकॉपी ही यातली सर्वांत कामाची भेट.

३.३ (एप्रिल १९८७) मात्र मुक्काम करण्याजोगा. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासचं पेव फुटलं तेव्हा वर्डस्टार (लेखन), लोटस (आकड्यांचे तक्ते) आणि डीबेस या त्रिकुटाखाली बहुतेक हाच असायचा. १.४४ एमबीची फ्लॉपी चालते. बॅच फाइलमधून दुसरी बॅच फाइल बोलावून परत येणारं कॉल इथे आलं. आधी त्यासाठी कमांड.कॉमची दुसरी प्रत चढवावी लागे. डेट आणि टाइम आता एटीच्या बॅटरीवरच्या घड्याळातही वेळ लिहितात; त्याआधी सेटअपची वेगळी फ्लॉपी शोधा. आणि मेमरी कमी खातो, साधारण ५५ केबी. एक्सटीवर ६४० केबीपलीकडे काही नाही, तिथे हा हिशोब महत्त्वाचा.

मर्यादा दोन. एक, पार्टिशन (डिस्कचा एक भाग) ३२ एमबीच्या वर जात नाही. त्या काळची सीगेटची एसटी-२५१ ही ४० एमबीची डिस्क घेतली तर सी: ३२ चा आणि उरलेल्याचा डी:. एक्सटेंडेड पार्टिशन ३.३ लाच आलं, म्हणून निदान डी: तरी मिळतो. दुसरी मर्यादा एडलिन, म्हणजे एकेक ओळ घेऊन फाइल लिहायचा प्रोग्राम. ज्यांनी वापरला नाही त्यांना सांगते: ओळीचा नंबर, पुढे चांदणी, आणि लिहा. आय दाबून ओळ घाला, एफ६ आणि एंटर मारून बाहेर या, एल दाबून काय झालंय ते बघा, ई दाबून साठवा. वरच्या ओळीवर कर्सर नेणं हा प्रकारच नाही. कॉन्फिग.सिसमध्ये डीबेससाठी फाइल्स=२० आणि बफर्स=१५ एवढं लिहायलाही मी शेवटी कॉपी कॉन वापरू लागले; दोन ओळी टंका, एफ६, एंटर, विषय संपला. ती फाइल्सची ओळ हवीच. नाहीतर मुळात एका वेळी आठच फायली उघडता येतात, त्यातल्या पाच डॉसने आधीच अडवलेल्या असतात, आणि डीबेस जास्त फायली उघडल्याची तक्रार करून अडून बसतो.

वडिलांचा हिशोब ३.३ वरच सुटला. त्यात एक खाचखळगा आहे तो इतरांच्या उपयोगी पडेल. रिस्टोअर फायली ज्या फोल्डरमधून उचलल्या होत्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो, दुसरीकडे नाही. फोल्डर आठवत नसेल तर सी:\*.* सोबत /एस द्या, तो स्वतः फोल्डर तयार करतो. आणि ३.३ चं रिस्टोअर ५.० वर चालवू गेलात तर ‘इनकरेक्ट डॉस व्हर्जन’ एवढंच उत्तर मिळतं. डॉसच्या बाहेरच्या बहुतेक कमांड आपलाच नंबर असलेल्या डॉसवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या फायली एका फोल्डरमध्ये मिसळू नका.

४.० (१९८८) बद्दल वाईट ऐकून होते, अनुभवही तसाच. ३२ एमबीची भिंत तोडली हे खरं. पण मोठ्या पार्टिशनवर सुरू झाला की शेअर नावाचा प्रोग्राम लोड करा म्हणून इशारा देतो. शेअर लोड केलं की आधीच ३.३ पेक्षा जास्त मेमरी खाणारा हा गडी आणखी काही केबी गिळतो. डिस्कवर थेट हात घालणारे जुने प्रोग्राम मोठ्या पार्टिशनवर गोंधळतात, कारण सेक्टर मागायची पद्धतच बदलली. सोबत डॉसशेल हे मेन्यूवालं तोंड मिळतं, तेही एक्सटीवर रडत चालतं. मोठं पार्टिशन हवंच असेल तर कॉम्पॅकने स्वतःच्या मशीनसाठी काढलेला ३.३१ बघा. १९८७ सालीच त्याने ५१२ एमबीपर्यंतची सोय केली होती आणि बाकी स्वभाव ३.३ चाच.

५.० (जून १९९१). १.१ वरून २.० वर आल्यावर जे वाटलं होतं ते परत इथे वाटलं, मधल्या कुठल्याही आवृत्तीत नाही. डिजिटल रिसर्चचा डीआर-डॉस ५ आदल्या वर्षी येऊन गेला होता, मेमरीच्या युक्त्या घेऊन. स्पर्धेचा फायदा गिऱ्हाइकाला होतो तो असा. कॉन्फिग.सिसमध्ये हायमेम.सिस आणि डॉस=हाय लिहिलं की डॉसचा मोठा भाग पहिल्या एक एमबीच्या लगेच वरच्या ६४ केबीत जाऊन बसतो. मेम दिल्यावर ६२० केबीच्या आसपास मोकळी दिसते, म्हणजे ३.३ पेक्षाही जास्त, आणि सोयी दुप्पट. ३८६ असेल तर ईएमएम३८६ लावून माउसचा ड्रायव्हरही लोडहायने वर ढकलता येतो. २८६ वर हायमेम चालतं, ईएमएम३८६ नाही, आणि एक्सटीवर दोन्ही नाहीत. म्हणूनच एक्सटीला ३.३ म्हटलं.

रोजच्या वापरात मात्र मेमरीपेक्षा छोट्या गोष्टींनी जीव लावला. एडलिनच्या जागी एडिट, पूर्ण पडद्याचा. डॉसकी लावली की वरचा बाण दाबून मागच्या कमांड परत येतात. डिर /ओएन दिलं की यादी लावून येते, पाइपची भानगड नको. कुठल्याही कमांडपुढे /? टाका, ती स्वतःची माहिती देते. अनडिलीट आहे. जुना प्रोग्राम ‘मला ३.३ च हवा’ म्हणून अडला तर सेटव्हरमध्ये त्याचं नाव घालायचं, डॉस त्याच्याशी खोटं बोलतो आणि काम होतं. एक प्राणी मात्र सुधारत नाही: वर्डस्टार ३.३. सीपी/एमच्या दिवसांतला त्याचा पिंड, त्याला फोल्डर कळतच नाहीत. ५.० वरसुद्धा तो चालू फोल्डरपलीकडे बघत नाही. पाथ समजणारा वर्डस्टार ४ घ्या.

६.० (मार्च १९९३) पासून ६.२२ पर्यंतची कथा अर्धी तांत्रिक, अर्धी कोर्टातली. ६.० ने डबलस्पेस हे डिस्क दाबून जागा वाढवणारं प्रकरण आणलं, ६.२ ने त्याची डागडुजी केली आणि स्कॅनडिस्क दिलं. १९९४ च्या फेब्रुवारीत स्टॅक कंपनीच्या पेटंटच्या खटल्यात ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला १२ कोटी डॉलरचा दणका दिला, म्हणून ६.२१ मध्ये डबलस्पेस गायब, आणि ६.२२ मध्ये ड्राइव्हस्पेस नावाने नवं. एमुलेटरवर डिस्क हवी तेवढी मोठी करता येते, त्यामुळे याची गरजच नाही. चांगलं काय? सुरू होताना एफ८ दाबून कॉन्फिग.सिसची एकेक ओळ विचारत जाणं. ५.० मध्ये ती फाइल बिघडली की बूट फ्लॉपी शोधावी लागते. डेलट्री, मूव्ह, सुरुवातीचा मेन्यू, आणि ६.२ पासून कॉपी करताना जुन्या फाइलवर लिहू का, हा प्रश्न. तो दहा वर्षं आधी यायला हवा होता.

मी स्वतः ३८६ वर ५.० ठेवलाय आणि ६.२२ ची एक बूट फ्लॉपी स्कॅनडिस्कसाठी बाजूला. फॅट१६ तोच असल्याने ती बिनतक्रार डिस्क तपासते. नवख्याने सरळ ६.२२ लावावा, हेही प्रामाणिकपणे सांगते, माझी ५.० ची आवड ही आवडच आहे.

मराठीचं काय, असं एकाने विचारलं. ३.३ मध्ये कोड पेज (भाषेनुसार अक्षरांचे संच) आले, पण ते युरोपीय भाषांसाठी. देवनागरी एमएस-डॉसमध्ये कधीच नव्हती. आपल्याकडे ती पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने आली. पीसीत हे कार्ड बसवलं की अक्षरी पडद्यावर चालणाऱ्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी टंकता यायची. त्यामागचा इस्की संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला, आयएस १३१९४. माझ्याकडे ते कार्ड नाही, वडिलांचा हिशोबही इंग्रजीत, म्हणून ती चाचणी इथे नाही.

लावणाऱ्यांसाठी दोन सूचना. १.२५ (हाच पीसी-डॉस १.१ चा भाऊ), २.० आणि ४.०० यांचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने खुला केलेला आहे, शेवटचा २०२४ मध्ये. बाकीच्या आवृत्त्या तशा मोकळ्या नाहीत, आपापल्या जुन्या फ्लॉप्या शोधा. आणि मूळ एक्सटीच्या बायोसला (मशीन सुरू करणारा, रॉममधला प्रोग्राम) १.४४ ची फ्लॉपी कळत नाही, त्यामुळे ३.३ ची इमेज ३६० केबीचीच घ्या. नाहीतर मशीन सरळ रॉममधल्या बेसिकमध्ये जाऊन ‘ओके’ म्हणत बसेल.